मालिश केली, मान मोडून घेतली की इम्युनिटी वाढते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: आईचं ब्रेस्टचं ऑपरेशन झालंय, काखेतल्या गाठीही काढल्या, रेडिएशन झालं आणि आता तो हात सुजतो. घराजवळच्या एका वेलनेस सेंटरवाल्यांनी सांगितलं की लिम्फॅटिक मसाजचं पॅकेज घ्या, टॉक्सिन निघून जातील, इम्युनिटी वाढेल. आणि तिथेच मान-पाठ मोडून देणारा एक जण बसतो, तो म्हणाला की तुमच्या सात वर्षांच्या मुलाला सारखी सर्दी होते ना, मग मणका अलाइन करून घ्या, प्रतिकारशक्ती आपोआप सुधारेल. यात खरं किती?

मी फिजिओथेरपिस्ट आहे, लिम्फेडेमाचे म्हणजे असे सुजलेले हातपाय घेऊन येणारे पेशंट माझ्याकडे रोजचेच, त्यामुळे हातांनी केलेल्या ट्रीटमेंटवर माझा विश्वास आहे आणि पोटही त्यावरच आहे. तरीही उत्तर आधीच देऊन टाकते. आईच्या हाताला ट्रीटमेंट हवीच, पण त्या सेंटरमध्ये नको आणि इम्युनिटीच्या नावाखाली तर नकोच. मुलाच्या मानेला मात्र कुणालाही हात लावू देऊ नका. आता का ते सांगते, जरा लांबण लागेल.

पहिली गोष्ट, इम्युनिटी म्हणजे काही गाडीतलं पेट्रोल नव्हे की काटा वर गेला की चांगलं. त्यात पेशी आल्या, अँटिबॉडी आल्या, सूज चढवणारी रसायनं आली, सूज उतरवणारीही आली, आणि यातलं काहीतरी एक वाढलं म्हणजे माणूस कमी आजारी पडेल असं अजिबात नसतं. संधिवाताच्या म्हणजे रुमेटॉइडच्या पेशंटला विचारा, त्यांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटलेली असते, त्यांना ती दाबायची औषधं घ्यावी लागतात. कोविडनंतर आपल्याकडे काढ्यापासून गादीपर्यंत सगळ्यावर इम्युनिटीचा शिक्का बसला, मसाजवाले तरी का मागे राहतील.

आता मसाजने इम्युनिटी वाढते हे कुठून आलं तर त्याला थोडा आधार आहे, हवेतलं नाहीये ते. २०१० मध्ये लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय हॉस्पिटलमधल्या रॅपापोर्ट आणि त्यांच्या टीमने ५३ धडधाकट लोक घेतले, २९ जणांना ४५ मिनिटं नीट स्वीडिश मसाज दिला आणि २४ जणांना तेवढाच वेळ नुसता हलका स्पर्श केला, आधी आणि नंतर रक्त काढलं. मसाजवाल्यांच्या रक्तात लिम्फोसाइट म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या, काही सायटोकाइन म्हणजे पेशी एकमेकींना सिग्नल द्यायला सोडतात ती रसायनं कमी झाली, कॉर्टिसॉल या स्ट्रेस हार्मोनवर थोडासा परिणाम दिसला. बातम्या काय आल्या असतील ते तुम्हाला कळलंच असेल.

पण इथे एक गोम आहे आणि ती कुणी सांगत नाही. आपल्या अंगातल्या एकूण लिम्फोसाइटपैकी रक्तात फिरणारे जेमतेम २ टक्के, बाकी सगळे लिम्फ नोड, प्लीहा, आतडी, अस्थिमज्जा इथे बसलेले असतात. त्यामुळे तासाभरात रक्तातला आकडा वाढला तर नवीन पेशी तयार झाल्या असं नसतं, असलेल्याच पेशी जागा सोडून रक्तात आल्या असं असतं. संध्याकाळी सहाला दादर स्टेशनवरची डोकी मोजून मुंबईची लोकसंख्या वाढली म्हणण्यातला प्रकार. चार मजले जिने धावत चढलात तरी रक्तातल्या पांढऱ्या पेशी काही मिनिटांत वाढतात आणि थोड्या वेळाने परत जागच्या जागी जातात. मसाज निरुपयोगी आहे असं माझं म्हणणं नाही, पण रक्तातला तो आकडा म्हणजे पुढच्या महिन्यात सर्दी होणार नाही याची पावती नाही. या अभ्यासात ती माणसं नंतर कमी आजारी पडली का हे बघितलेलंच नव्हतं, तो प्रश्नच नव्हता.

त्याच टीमने २०१२ मध्ये पाच आठवड्यांचा प्रयोग केला, काहींना आठवड्यातून एकदा मसाज आणि काहींना दोनदा. आपल्याला वाटेल दोनदावाल्यांना दुप्पट फायदा. तर तसं झालं नाही. एकदावाल्यांमध्ये पेशींकडचे बदल दिसले, दोनदावाल्यांमध्ये हार्मोनकडचे, आणि दोनदावाल्यांत सूज वाढवणारे काही सिग्नल तर किंचित वर गेले. म्हणजे जो कुणी तुम्हाला एवढे सिटिंग घ्या म्हणजे इम्युनिटी एवढी वाढेल असं सांगतो त्याने तो हिशोब मनानेच केलेला आहे.

कॉर्टिसॉलचंही तसंच. मसाजने स्ट्रेस हार्मोन ३० टक्क्यांनी उतरतं हे वाक्य तुम्ही कुठेतरी वाचलं असेलच, मायामीच्या टच रिसर्च इन्स्टिट्यूटच्या टिफनी फील्ड यांच्या २००५ च्या लेखातून ते जगभर फिरलं. पुढे २०११ मध्ये मोयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सगळे अभ्यास एकत्र करून कंट्रोल ग्रुपशी तुलना करत परत गणित मांडलं, तर परिणाम फारच छोटा निघाला, बऱ्याच ठिकाणी शून्यापासून वेगळा काढता येणार नाही इतका. कारण साधं आहे, कॉर्टिसॉल सकाळी जास्त असतं आणि दिवसभर आपलं आपणच उतरत जातं, मग सकाळी मसाज केला की ते उतरणारच, नुसतं पेपर वाचत बसलात तरी उतरेल.

टच रिसर्च इन्स्टिट्यूटच्याच मंडळींचा १९९६ चा एचआयव्ही असलेल्या पुरुषांवरचा अभ्यासही सारखा सांगितला जातो, महिनाभर जवळजवळ रोज मसाज. त्यात नॅचरल किलर पेशी वाढल्या होत्या हे खरं, पण ज्या आकड्यावर त्या आजाराचं सगळं अवलंबून असतं तो सीडी४ (एचआयव्ही ज्या पांढऱ्या पेशी मारतो त्यांचा आकडा) हलला नाही. हा दुसरा अर्धा भाग ब्रोशरमध्ये नसतो.

मग हातांनी खरंच काय होतं? माझ्या मते सगळ्यात इंटरेस्टिंग काम हे हात जिथे लागतो तिथल्या जागेवरचं आहे, अख्ख्या शरीराच्या इम्युनिटीचं नाही. २०१२ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीत ११ तरुण मुलांना सायकलवर पार थकेपर्यंत पळवलं आणि मग एकाच पायाला दहा मिनिटं मसाज दिला, दुसरा पाय तसाच ठेवला, आणि दोन्ही मांड्यांतून स्नायूचे तुकडे काढून तपासले (मुलांना मानलं पाहिजे). मसाज केलेल्या पायात सूज चढवणारे सिग्नल कमी झालेले दिसले. गंमत म्हणजे लॅक्टिक ॲसिडवर काहीच परिणाम नव्हता, जे आम्ही सगळेच कॉलेजमध्ये शिकलो होतो की मसाजने लॅक्टिक ॲसिड वाहून जातं. मग २०२१ मध्ये हार्वर्डच्या लोकांनी उंदरांच्या दुखावलेल्या पायाला छोट्या रोबोटने मोजून-मापून दाब दिला, तर तिथे गोळा झालेल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी लवकर बाहेर पडल्या आणि स्नायू चांगला भरून आला. न्यूट्रोफिल पहिल्या दिवशी हव्या असतात, घाण साफ करतात, पण जास्त दिवस ठाण मांडून बसल्या तर नवीन स्नायू तयार व्हायला अडथळा करतात.

म्हणजे लक्षात घ्या, यातला चांगला पुरावा सगळा इम्युनिटी आवरण्याचा आहे, वाढवण्याचा नाही! जागेवरची सूज लवकर निवळायला हात मदत करू शकतात, तेही थोडीफार. जाहिरात नेमकी उलटी.

आता लिम्फ. आईच्या बाबतीत हेच महत्त्वाचं आहे म्हणून इथे जरा थांबते. रक्तवाहिन्यांतून पाणी आणि प्रोटीन सतत बाहेर झिरपत असतं, ते गोळा करून परत रक्तात आणायचं काम लिम्फच्या नळ्या करतात, दिवसाला काही लिटर. या नळ्यांना हृदयासारखा एक मोठा पंप नाही, पण नळ्या स्वतः थोड्या थोड्या आकुंचन पावतात, आत झडपा असतात, शिवाय श्वास आणि स्नायूंच्या हालचालीने रेटा मिळतो. वाटेत लिम्फ नोड म्हणजे चौक्या. पायाला काटा लागून पिकला की जांघेत अवधाण येतं ना, ते म्हणजे त्या चौकीवर कामाला लागलेल्या पेशी. सगळं लिम्फ शेवटी गळ्याच्या हाडाखाली परत रक्तातच मिसळतं, त्यामुळे लिम्फ मसाजने टॉक्सिन बाहेर पडतात या वाक्याला काही अर्थ नाही, बाहेर म्हणजे कुठे? पुढचं काम लिव्हर आणि किडनीचं, ते त्या बिचाऱ्या मसाज न करताही करतच असतात.

हे लिम्फ हातांनी ढकलायची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत ऑस्टिओपॅथ लोक, म्हणजे औषधांबरोबर हातांनीही ट्रीटमेंट करणारे डॉक्टर, १९१८ च्या साथीपासून सांगत आलेत की आमच्या हातच्या फ्लूच्या पेशंटमध्ये मृत्यू फारच कमी होते, एक लाख दहा हजारांवर पेशंट आणि २५७ मृत्यू असा आकडा ते देतात. पण तो आकडा त्यांच्याच डॉक्टरांनी स्वतः कळवलेला, तुलनेला कुणी नाही, कोणते पेशंट किती सिरियस होते ते माहीत नाही, त्यामुळे त्यावर मी काही बांधणार नाही. त्यापेक्षा टेक्सासमध्ये लिसा हॉज यांच्या प्रयोगशाळेतलं काम जास्त भक्कम, कुत्र्यांच्या पोटावर लयीत दाब दिला तर छातीतल्या मोठ्या लिम्फ नळीतून लिम्फही जास्त वाहतं आणि त्यातून पांढऱ्या पेशीही जास्त येतात हे त्यांनी मोजून दाखवलं. पण दाब थांबवला की वाढ ओसरते, आणि कुत्रा म्हणजे माणूस नाही.

माणसांवरचा मोठा प्रयोग झाला तो न्यूमोनियावर, २०१० मध्ये छापून आला. सात हॉस्पिटल, पन्नाशीच्या पुढचे ४०६ पेशंट, अँटिबायोटिक सगळ्यांना, त्यावर काहींना दिवसातून दोनदा हातांनी ट्रीटमेंट, काहींना नुसता हलका स्पर्श आणि बाकीच्यांना फक्त औषधं. ज्यांना ज्या ग्रुपमध्ये टाकलं होतं त्या सगळ्यांचा हिशोब धरला तर काही फरक नाही. ज्यांनी ठरल्याप्रमाणे सगळं पूर्ण केलं फक्त त्यांचाच हिशोब धरला तर हातवाल्या ग्रुपचा हॉस्पिटलमधला मुक्काम फक्त औषधंवाल्यांपेक्षा थोडा कमी. पहिला हिशोब जास्त प्रामाणिक मानतात, कारण मधेच सोडून जाणारे बऱ्याचदा जास्त आजारी असतात. एवढं करून नुसत्या हलक्या स्पर्शाच्या तुलनेत हातांच्या टेक्निकने स्पष्ट बाजी मारली असंही झालं नाही.

आता आईचा हात. काखेतल्या चौक्या काढल्या, रेडिएशनने उरलेल्या वाटा आखडल्या, त्यामुळे त्या हातातलं लिम्फ साचतं. साचलेलं प्रोटीनयुक्त पाणी म्हणजे जंतूंना मेजवानी, आणि पेशींची जा-ये मंदावलेली, म्हणून त्या हातापुरती प्रतिकारशक्ती खरोखरच कमी असते. छोटंसं खरचटलं, नखाच्या कडेला काढलं, डास चावून खाजवलं, की हात लालबुंद, गरम, थंडी वाजून ताप. याला सेल्युलायटिस म्हणतात आणि प्रत्येक झटक्यात उरलेल्या नळ्या अजून खराब होतात, मग सूज वाढते, मग पुन्हा झटका. विदर्भात, चंद्रपूर-गडचिरोलीकडे हत्तीपायाच्या पेशंटमध्ये हेच चक्र पायात दिसतं, तिथे सुरुवात जंताने होते एवढाच फरक.

हे चक्र मोडणं म्हणजे खऱ्या अर्थाने इन्फेक्शन टाळणं, आणि इथे पुरावा आहे. ऑस्ट्रेलियात कॅनबेराला सुजलेल्या पायात वारंवार सेल्युलायटिस होणाऱ्या ८४ जणांवर केलेला अभ्यास २०२० मध्ये आला, काहींना दाब देणारे मोजे-बँडेज रोज वापरायला दिले आणि बाकीच्यांना नुसती माहिती. माहितीवाल्यांपैकी ४० टक्क्यांना पुन्हा सेल्युलायटिस झाला, मोजेवाल्यांपैकी १५ टक्क्यांना. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मधेच थांबवला. तो पायांवरचा आहे, पण तत्त्व तेच. म्हणजे बघा, जीव वाचवणारी गोष्ट मसाज नाहीये, ती कंप्रेशन आहे. लिम्फ ड्रेनेज मसाज हा त्याला जोड, ब्रेस्ट कॅन्सरनंतरच्या हातांवरचा २०१५ चा कोक्रेन रिव्ह्यू (सगळे अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष) सांगतो की बँडेजने सूज साधारण तिसऱ्या हिश्शाने उतरते आणि वर मसाज केला तर आणखी ७ टक्क्यांच्या आसपास भर पडते, तीही सूज कमी असताना जास्त. माझा अनुभव यापेक्षा फार वेगळा नाही. पेशंटला मसाज आवडतो, हात हलका वाटतो, पण घरी जाऊन स्लीव्ह म्हणजे हाताला दाब देणारी घट्ट बाही घातली नाही तर दोन दिवसांत सगळं परत.

त्या सेंटरला नको का म्हणते, तर खरा लिम्फ ड्रेनेज इतका हलका असतो की बघणाऱ्याला वाटतं ही बाई काही करतच नाहीये. कातडी फक्त सरकवायची, आधी मानेकडची आणि दुसऱ्या काखेची बाजू मोकळी करायची आणि मग हात, तेल शक्यतो नाहीच. सेंटरमध्ये जोरात चोळतात, वर गरम दगड नाहीतर स्टीम. जोर आणि उष्णता दोन्हींनी तिकडे रक्त जास्त येतं, पाणी जास्त झिरपतं, आणि आईच्या हातात ते वाहून न्यायची सोयच नाहीये. त्यांना विचारा की लिम्फेडेमाचं ट्रेनिंग कुठे घेतलंय, बँडेज बांधता येतं का. बँडेजचं नाव काढल्यावर गोंधळले तर उठून या. आणि सूज अचानक वाढली, हात दुखायला लागला तर आधी ऑन्कोलॉजिस्टला म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरला दाखवा, मसाज नंतर, कारण रक्ताची गुठळी किंवा आजार परत आलेला नाही हे बघावं लागतं.

मुलाबद्दल. मणका सरळ केला की सगळे आजार जातात हा विचार १८९५ मध्ये अमेरिकेत डी. डी. पामर या माणसाने मांडला, तिथून कायरोप्रॅक्टिक निघालं. कंबरदुखीला मॅनिप्युलेशनचा, म्हणजे सांध्याला झटका देऊन मोकळा करण्याचा, काही लोकांना फायदा होतो, त्याबद्दल माझं भांडण नाही, मीही गरज पडली तर वापरते. पण इन्फेक्शनचं काय? २०२१ मध्ये जामा नेटवर्क ओपन या मेडिकल जर्नलमध्ये सगळे अभ्यास चाळून झाले, मणक्याच्या मॅनिप्युलेशनने इन्फेक्शन टळतं किंवा प्रतिकारशक्तीचे आजार सुधारतात हे दाखवणारा एकही क्लिनिकल अभ्यास त्यांना सापडला नाही. रक्तातल्या काही रसायनांत तात्पुरते बदल दिसतात, दादरची गर्दी परत. कोविड सुरू झाला तेव्हा कायरोप्रॅक्टरांच्याच जागतिक फेडरेशनने सांगितलं होतं की ॲडजस्टमेंटने इम्युनिटी वाढते याला पुरावा नाही, तसे दावे करू नका. त्यांचीच संघटना म्हणते आहे, मी नाही. वर मानेला झटका देण्यात मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा व्हायचा धोका असतो, क्वचित, पण ज्याचा फायदाच नाही त्यासाठी क्वचितसुद्धा का घ्यायचा. सलूनमध्ये कटिंग झाल्यावर मान मोडून देतात तेही बंद करा, मोठ्यांचंही.

लहान मुलांना वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होणं नॉर्मल आहे, शाळेत आणि पावसाळ्यात जास्तच. तो रात्री तोंड उघडं टाकून घोरत असेल, कान वारंवार दुखत असेल तर ॲडिनॉइड म्हणजे नाकामागची गाठ बघायला कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे न्या. वजन वाढत नसेल, न्यूमोनियासाठी ॲडमिट करावं लागलं असेल, तर बालरोगतज्ज्ञ, लवकर.

या विषयावर कुणीतरी आजीच्या मालिशीचं म्हणणारच, म्हणून तेही. ढाक्याच्या शिशु हॉस्पिटलमधला २००५ चा अभ्यास आहे, खूप लवकर जन्मलेल्या बाळांना सूर्यफुलाचं तेल लावलं तर हॉस्पिटलमधली इन्फेक्शन ४१ टक्क्यांनी कमी झाली. पण श्रेय चोळण्याचं नाही, तेलाचं आहे, कारण त्या बाळांची कातडी इतकी कच्ची असते की जंतू आरपार जातात आणि तेलाने तो पडदा जरा भक्कम होतो. त्याच वर्षी आपल्या मुंबईत, सायन हॉस्पिटलच्या अभ्यासात खोबरेल तेलाच्या मालिशीने बाळांचं वजन चांगलं वाढलेलं दिसलं. तेव्हा बाळाला हलक्या हाताने तेल जरूर लावा. फक्त न्हाऊ घालणाऱ्या मावशींना दोन गोष्टी ठणकावून सांगा: बाळाची छाती पिळून दूध काढायचं नाही, त्याने गळू होतं, आणि नाकाकानात तेल सोडायचं नाही, नाकातलं फुप्फुसात उतरतं.

आणि हो, एक आडवळणाचा रस्ता मात्र मला खरा वाटतो. २०१५ मध्ये १६४ लोकांच्या नाकात मुद्दाम सर्दीचा व्हायरस टाकून बघितलं होतं, सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी व्हायचं प्रमाण सात तासांपेक्षा जास्त झोपणाऱ्यांच्या चौपट होतं. कॅन्सरच्या ट्रीटमेंटनंतर बायकांची झोप पार उडालेली असते हे तुम्ही घरात बघतच असाल. रात्री आईचे पाय आणि चांगला हात दहा मिनिटं हलके चोळून दिलेत आणि त्याने तिला झोप लागली तर ते करत राहा, फुकट आहे आणि तुमच्या हातचं आहे.

सुजलेल्या हाताचं वेगळं. स्लीव्ह माप घेऊन घ्या, ऑनलाइन अंदाजाने मागवू नका, घट्ट झाली तर उलटा त्रास. दिवसभर घालायची, रात्री काढायची. भांडी घासताना ग्लोव्ह, नखांच्या कडा कापायच्या नाहीत, रोज साधं मॉइश्चरायझर, संध्याकाळी मच्छरदाणी नाहीतर पूर्ण बाह्यांचा ब्लाउज. व्यायाम करू द्या, हात वापरल्याने सूज वाढते ही समजूत जुनी झाली, हळूहळू वजन वाढवत नेलं तर चालतं. हात लाल, गरम झाला किंवा ताप आला तर मसाज आणि बँडेज दोन्ही बंद करून त्याच दिवशी डॉक्टर, सकाळपर्यंत थांबायचं नाही, अँटिबायोटिक लागतं. बाकी महिन्यातून एकदा मनगट, कोपराखाली चार बोटं आणि कोपरावर चार बोटं अशा तीन ठिकाणी टेपने दोन्ही हात मोजा, कॅलेंडरवर लिहा आणि फिजिओकडे जाताना तो कागद घेऊन जा.